मानव विकासाचे आकडे कुठून घ्यायचे? यूएनडीपीच्या डेटा सेंटरचं परीक्षण

भारताचा मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून देशाला शून्य ते एकच्या दरम्यान मिळणारा आकडा) एका वर्षात ०.६४४ वरून ०.६८५ वर गेला, असं कुठं वाचलंत तर लिहिणाऱ्यानं दोन वेगळे अहवाल शेजारी ठेवलेत हे समजून जा. ०.६४४ हा २०२३-२४ च्या अहवालातला, २०२२ सालाचा आकडा. ०.६८५ हा मे २०२५ च्या अहवालातला, २०२३ सालाचा. आणि याच मे २०२५ च्या अहवालानं २०२२ सालही नव्यानं मोजलंय. तिथं भारताचा आकडा ०.६७६ आहे. म्हणजे वर्षभरातली वाढ ०.००९ ची, ०.०४१ ची नव्हे. साडेचारपट फुगलेली ही वाढ एकदा स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये किंवा एखाद्या भाषणात शिरली की तिथून बाहेर निघता निघत नाही.

ही चूक टाळायची सोय संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं, म्हणजे यूएनडीपीनं, स्वतःच करून ठेवली आहे. मानव विकास अहवालाच्या संकेतस्थळावर ‘डेटा सेंटर’ नावाचा विभाग आहे. तिथं १९९० पासूनची मालिका, जवळपास सगळ्या देशांची, एकाच पद्धतीनं मोजलेली, फुकट मिळते. नोंदणी नाही, लॉगिन नाही. श्रेय दिलं की आकडे पुन्हा छापायलाही परवानगी आहे. राज्यसेवेची तयारी करणारे, अर्थशास्त्र शिकवणारे, सामाजिक संस्थांसाठी प्रस्ताव लिहिणारे आणि पत्रकार, या सगळ्यांनी ते वापरावं अशी आमची स्पष्ट शिफारस आहे. पण ते वापरताना कुठं पाय घसरतो हेही नीट सांगायला हवं, कारण खोट्या आकड्यापेक्षा खऱ्या आकड्याचा चुकीचा वापर जास्त नुकसान करतो.

आधी त्या उडीचं कारण पाहू. आधीच्या अहवालात भारताचं जन्मावेळचं आयुर्मान ६७.७ वर्षं होतं, नव्यात ७२.० आहे. एका वर्षात कुठल्याही देशाचं आयुष्य चार वर्षांनी वाढत नाही. आयुर्मानाचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाकडून येतात. त्या विभागानं २०२४ मध्ये सगळे अंदाज नव्यानं काढले आणि मागची वर्षंही बदलली. दरडोई राष्ट्रीय उत्पन्न ६,९५१ डॉलरवरून ९,०४७ वर गेलं, त्यातही मोठा भाग हिशेबाचा आहे: पहिला आकडा २०१७ च्या क्रयशक्ती समानतेच्या (देशोदेशींच्या किमतींतला फरक काढून टाकलेल्या) डॉलरमध्ये होता, दुसरा २०२१ च्या. माप बदललं की कापड वाढल्यासारखं दिसतं, तसंच हे. म्हणून पहिला नियम: कुठल्याही दोन सालांची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच अहवालाच्या मालिकेतून घ्या. जुना अहवाल हाताशी असला तरी तुलनेसाठी तो उघडूच नका.

डेटा सेंटरच्या मुख्य पानावर देश निवडायची सोय आहे. भारत निवडला की १९९० पासूनची रेघ दिसते: तेव्हाचा निर्देशांक ०.४४६, २०२३ चा ०.६८५. आयुर्मान ५८.६ वरून ७२ वर, अपेक्षित शालेय वर्षं (आज शाळेत जाणारं मूल एकूण किती वर्षं शिकेल याचा अंदाज) ८.२ वरून १३ वर, दरडोई उत्पन्न सुमारे २,१६७ डॉलरवरून ९,०४७ वर. एका नजरेत चित्र हवं असेल तर हे पान पुरेसं आहे, मोबाईलवरही वाचता येतं. मात्र खरं काम त्याच्या आत, कागदपत्रं आणि डाउनलोडच्या पानावर होतं.

तिथं दोन प्रकारच्या फायली आहेत आणि दोन्हींचा उपयोग वेगळा. पहिला प्रकार म्हणजे अहवालाचे क्रमांकवार सांख्यिकी तक्ते, एक्सेलमध्ये. तक्ता १ मध्ये निर्देशांक आणि त्याचे घटक, तक्ता २ मध्ये कालानुरूप कल, तक्ता ३ मध्ये विषमता वजा केलेला निर्देशांक, पुढं स्त्री-पुरुष तफावत, बहुआयामी दारिद्र्य (आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांत एकाच वेळी पडणारी उणीव) वगैरे. हे तक्ते छापण्यासाठी बनवलेत, हिशेबासाठी नव्हे. प्रत्येक आकड्याशेजारी तळटीपेच्या अक्षरासाठी एक अरुंद रकाना असतो, आणि देशांच्या मधोमध ‘अत्युच्च’, ‘उच्च’, ‘मध्यम’ अशा गटांच्या शीर्षक-ओळी येतात. सरळ कॉपी-पेस्ट केलं की रकाने सरकतात आणि शालेय वर्षांच्या जागी रिकामे खण येतात. तरी हे तक्ते टाकून देऊ नका. कुठला आकडा पाहणीतून आला, कुठला अंदाजानं भरला, कुठं जुनंच साल पुढं ओढलं, हे तळटीपाच सांगतात.

दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण कालमालिकेची एकच सीएसव्ही फाईल, म्हणजे साध्या मजकुरात साठवलेला तक्ता. दोनशेहून थोड्या जास्त ओळी, हजाराहून जास्त रकाने. प्रत्येक रकान्याचं नाव म्हणजे घटकाचं संक्षिप्त रूप आणि त्यापुढं साल: एचडीआय, आयुर्मानासाठी एलई, अपेक्षित शालेय वर्षांसाठी ईवायएस, सरासरी शालेय वर्षांसाठी (प्रौढ प्रत्यक्षात किती वर्षं शिकलेत) एमवायएस, उत्पन्नासाठी जीएनआयपीसी. मध्ये एफ किंवा एम आलं तर तो फक्त स्त्रियांचा किंवा पुरुषांचा आकडा. घाईत भलताच रकाना उचलला जातो तो इथंच. सोबत संक्षिप्त रूपांचा अर्थ सांगणारी फाईल असते, ती आधी उतरवून घ्या.

या सीएसव्हीत चार खड्डे आहेत. शेवटच्या ओळी देशांच्या नाहीतच. ‘दक्षिण आशिया’, ‘अरब देश’, ‘जग’ असे समूह तिथं बसवलेत. सगळ्या रकान्याची सरासरी काढली किंवा उतरत्या क्रमानं लावलं की हे समूह देशांमध्ये मिसळतात आणि क्रम चुकतो. दुसरा खड्डा रिकाम्या खणांचा: उत्तर कोरिया आणि मोनॅको यांचा निर्देशांक काढलेला नाही, आणि काही देशांची मालिका १९९० पासून सुरूच होत नाही. रिकामं म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे सूत्र लावण्यापूर्वी गाळणी लावा. तिसरा, पायथनमध्ये फाईल उघडताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) गृहीत धरलं तर कोत दिव्वार, तुर्कीये अशा नावांपाशी त्रुटी येऊ शकते. एन्कोडिंग लॅटिन-१ दिलं की सुटतं. चौथा खड्डा आमच्या मते सगळ्यांत मोठा: तळटीपा या फाईलमध्ये नाहीत. अंदाजित आकडा आणि मोजलेला आकडा इथं सारखेच दिसतात. पुढच्या आवृत्तीत एक जास्तीचा रकाना देऊन ही उणीव भरून काढता येईल, आणि ती काढायलाच हवी.

क्रमवारीचा रकानाही फक्त ताज्या सालाचाच आहे. मागच्या सालांचा क्रम हवा असेल तर मालिकेतल्या मूल्यांवरून स्वतः लावा. जुन्या अहवालातला क्रमांक उचलू नका, कारण तेव्हा यादीत देशही वेगळे होते आणि पद्धतही वेगळी.

आता हिशेब. डेटा सेंटरवर पद्धतीची टिपण्णी आहे, पण ती दाट इंग्रजीत आहे आणि मराठीत तिथं काही नाही. म्हणून भारताचं उदाहरण इथं पूर्ण सोडवून दाखवतो. एक्सेलच्या चार खणांत होतं. आयुर्मान ७२.० मधून किमान २० वजा करा, ६५ नं भागा: ०.८०००. अपेक्षित शालेय वर्षं १२.९५ भागिले १८ म्हणजे ०.७१९४, सरासरी शालेय वर्षं ६.८८ भागिले १५ म्हणजे ०.४५८७. या दोन्हींची साधी सरासरी ०.५८९१, तो शिक्षणाचा निर्देशांक. उत्पन्नासाठी ९,०४७ चा लॉग घ्या, त्यातून १०० चा लॉग वजा करा, आणि ७५,००० व १०० यांच्या लॉगमधल्या फरकानं भागा: ०.६८०५. तिन्हींचा गुणाकार ०.३२०७, त्याचं घनमूळ ०.६८४५. अहवालातला ०.६८५ आला. लॉग नैसर्गिक घेतला काय किंवा १० पायाचा, वर आणि खाली एकच ठेवला की उत्तर तेच. चुकतं ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी: चारही घटकांना समान वजन दिलं जातं (शिक्षणाचे दोन मिळून एकच परिमाण आहे), किंवा घनमूळाऐवजी तीननं भागलं जातं. तीननं भागण्याची रीत २०१० पूर्वी होती. तेव्हा शिक्षणात प्रौढ साक्षरताही मोजत आणि राष्ट्रीय उत्पन्नाऐवजी देशांतर्गत उत्पादन घेत. जुन्या पाठ्यपुस्तकांत अजून तेच सूत्र असेल तर ते खोडून ठेवा.

हा हिशेब एकदा हातानं केला की निर्देशांकाचा स्वभाव कळतो. उत्पन्न लॉगमध्ये आहे, त्यामुळे १,००० डॉलरचे २,००० झाले तरी आणि ३०,००० चे ६०,००० झाले तरी उत्पन्नाच्या निर्देशांकात वाढ सारखीच, सुमारे ०.१०५. गरिबाच्या हातातल्या पैशाला जास्त मोल देण्याचा हा मार्ग आहे आणि आम्हाला तो योग्य वाटतो. वरच्या टोकाला झाकणं आहेत: उत्पन्न ७५,००० च्या पुढं, आयुर्मान ८५ च्या पुढं, अपेक्षित शाळा १८ वर्षांच्या पुढं मोजत नाहीत. नॉर्वेचं दरडोई उत्पन्न एक लाख डॉलरच्या वर, हाँगकाँगचं आयुर्मान ८५ च्या थोडं वर, ऑस्ट्रेलियाची अपेक्षित शालेय वर्षं २० च्या वर. ते सगळं झाकणाशी थांबतं. आइसलँड ०.९७२ नं पहिला आणि नॉर्वे व स्वित्झर्लंड ०.९७० नं दुसरे, या फरकावर मथळे करण्यात अर्थ नाही.

भारताच्या आकड्यांवर आणखी एक प्रयोग करून पाहा. बाकी सगळं तसंच ठेवून सरासरी शालेय वर्षं एकानं वाढवली तर निर्देशांक ०.६९७ होतो. आयुर्मान एका वर्षानं वाढवलं तर ०.६८९. म्हणजे प्रौढांचं एक शालेय वर्ष जवळपास तीन वर्षांच्या आयुष्याच्या तोलाचं धरलं गेलंय. आयुष्याला हे सूत्र, विशेषतः गरीब देशांत, फार कमी किंमत देतं, ही अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांची टीका होती. खणांत आकडे बदलून पाहिलं की ती पटते. वाचकानं हे स्वतः करून पाहावं, कारण सूत्रातली वजनं निसर्गानं दिलेली नाहीत. ती माणसांनी ठरवली आहेत.

निर्देशांक एकच असला तरी आतलं चित्र किती वेगळं असतं याला बांगलादेशाइतकं जवळचं उदाहरण नाही. मे २०२५ च्या अहवालात भारत आणि बांगलादेश दोघेही १३० व्या क्रमांकावर, दोघांचा निर्देशांक ०.६८५. आत शिरा: बांगलादेशात आयुर्मान ७४.७, भारतात ७२.०. अपेक्षित शालेय वर्षं तिथं १२.३, इथं जवळपास १३. दरडोई उत्पन्न तिथं ८,४९८ डॉलर, इथं ९,०४७. कमी उत्पन्नात शेजारी पावणेतीन वर्षं जास्त जगतो, ही या तक्त्यातली सगळ्यांत मोलाची ओळ आहे, आणि क्रमांकात ती पुसली जाते. डॉ. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीनं १९९० मध्ये हे मोजमाप उभं केलं ते नुसत्या उत्पन्नावरून देश जोखण्याची सवय मोडण्यासाठी. नुसत्या क्रमांकावरून देश जोखले तर तीच सवय दुसऱ्या वेषात परत येते.

सरासरी शालेय वर्षांबद्दल एक सावधगिरी. हा आकडा २५ आणि त्याहून जास्त वयाच्या लोकांचा आहे. आज पहिलीत बसलेली मुलगी या आकड्यात येईल ती जवळपास वीस वर्षांनी. म्हणून कुठल्याही सरकारच्या पाच वर्षांच्या शैक्षणिक कामगिरीचं श्रेय किंवा दोष या रकान्यावरून देऊ नका. त्यासाठी अपेक्षित शालेय वर्षांचा रकाना थोडा जवळचा, पण तोही फक्त पटावरची नावं मोजतो. मूल शाळेत काय शिकलं हे तो सांगत नाही.

तक्ता ३ मात्र प्रत्येकानं उघडावा. विषमता वजा केल्यावर भारताचा ०.६८५ हा ०.४७५ वर उतरतो, ३०.७ टक्के घट. सरासरीच्या आड दडलेली माणसं इथं दिसतात. निर्देशांकावर लेख लिहिताना हा दुसरा आकडा शेजारी न देणं हे आम्ही अर्धवट काम मानतो. स्त्री-पुरुष तक्त्यातला उत्पन्नाचा रकाना मात्र जपून वापरा. स्त्रियांचं दरडोई उत्पन्न थेट मोजलेलं नसतं, ते श्रमशक्तीतला वाटा आणि मजुरीतल्या तफावतीवरून काढतात. जिथं मजुरीची आकडेवारीच नाही तिथं स्त्रीची मजुरी पुरुषाच्या ०.८ पट गृहीत धरतात. त्या ओळीवरून एखाद्या देशातल्या बाईच्या कमाईबद्दल ठाम विधान करता येत नाही.

पर्याय काय? झटपट आलेख हवा असेल तर ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ हे संकेतस्थळ डेटा सेंटरपेक्षा सरस आहे. आकडे बहुतांशी तेच, पण दोन-तीन देश निवडून आलेख काढणं आणि तेवढाच डेटा उतरवणं तिथं फार सोपं. मात्र कुठल्या सालच्या अहवालाची आवृत्ती वापरली आहे हे आलेखाखाली वाचून घ्या. ओईसीडीचा (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) ‘बेटर लाइफ इंडेक्स’ २०११ पासूनचा. त्यात वजनं आपण ठरवू शकतो ही कल्पना छान, पण भारत त्यात नाही, त्यामुळे आपल्या कामाचा कमी.

‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो सगळ्यांत जास्त चुकीचा वाचला जातो. २०२५ च्या यादीत १४७ देशांत भारत ११८ वा. हा क्रम एकाच प्रश्नावर आधारलेला आहे: शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा, वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीनं सर्वोत्तम आयुष्य, आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? गॅलप ही संस्था देशागणिक दरवर्षी साधारण हजारभर लोकांना विचारते आणि तीन वर्षांची सरासरी घेतली जाते. उत्पन्न, सामाजिक आधार, निरोगी आयुर्मान, स्वातंत्र्य, दानशीलता, भ्रष्टाचार हे सहा घटक क्रमवारी काढायला वापरतच नाहीत. उत्तरांत फरक का पडतो हे मागाहून समजावण्यासाठी ते असतात. ‘सहा निकषांवर भारताला इतके गुण’ असं लिहिणं मुळातच चूक. आणि माणूस स्वतःच्या आयुष्याला किती गुण देतो हा प्रश्न ‘तो किती जगतो, किती शिकतो’ यापेक्षा निराळा आहे. दोन्ही हवेत, एकमेकांच्या जागी नकोत.

डेटा सेंटरची आपल्या दृष्टीनं मोठी मर्यादा म्हणजे तिथं राज्य नाही, जिल्हा तर नाहीच. राज्यांसाठी नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाची ‘ग्लोबल डेटा लॅब’ आहे. तिथं घरगुती पाहण्यांवरून राज्यवार निर्देशांक काढतात. राज्याचं उत्पन्न घरातल्या मालमत्तेवरून, म्हणजे टीव्ही, फ्रिज, फरशी, नळ अशा नोंदींवरून, अंदाजलेलं असतं, आणि सगळं राष्ट्रीय आकड्याशी जुळवलेलं असतं. राज्याराज्यांची तुलना करायला चालतं, एखाद्या वर्षाचा बारीक बदल दाखवायला चालत नाही.

जिल्ह्यांसाठी महाराष्ट्राचा २०१२ चा मानव विकास अहवाल अजून उपयोगी आहे. २०११ साठी राज्याचा निर्देशांक ०.७५२, मुंबई ०.८४१, पुणे ०.८१४, गडचिरोली ०.६०८ आणि तळाशी नंदुरबार ०.६०४. ही तफावत अभ्यासायची तर हाच तक्ता घ्या. पण तिथला ०.७५२ उचलून यूएनडीपीच्या भारताच्या ०.६८५ शेजारी मांडू नका, आणि ‘मुंबई अत्युच्च गटात’ असंही लिहू नका. जिल्ह्यांच्या मोजणीचे घटक वेगळे आहेत, आणि ०.५५०, ०.७००, ०.८०० या गटांच्या रेषा यूएनडीपीच्या आजच्या सूत्रासाठी आखलेल्या आहेत. नंदुरबारची परिस्थिती अलीकडच्या सालाची हवी असेल तर नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य अहवाल बघा. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर उभा आहे आणि जिल्हावार आहे. जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात १० सूचक आहेत, नीती आयोगानं माता आरोग्य आणि बँक खातं हे दोन वाढवून १२ केलेत. त्या अहवालात महाराष्ट्रातल्या बहुआयामी गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या १४.८० टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आलेलं दिसतं. दोन्ही आकडे एकाच अहवालात, एकाच पद्धतीनं मोजलेले आहेत, म्हणून ते बिनधास्त शेजारी ठेवा.